साडेअकराची नोंद

नागपूर
६ जानेवारी २०२५, सोमवार

प्रिय दीप्ती,

जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मिनलच्या फोनवरून कळलं. तिच्या फोनवर तुझा फोटो दिसतो, माझ्या फोनवर नाही. मागच्या रविवारी सावनेरला तुमच्या घरी आले होते. धोंडबा काकांनी दारातूनच सांगितलं, "ती झोपून आहे, तू जाय आता." दुपारचे बारा वाजले होते. तू झोपलेली नव्हतीस, मला आतून नळाचा आवाज येत होता. काकांसमोर काय बोलणार? परत बसस्टँडवर आले. म्हणून आता हे पत्र. पत्र काका उघडणार नाहीत, एवढा त्यांच्यावर विश्वास आहे.

तुझी नर्सिंगची, जीएनएमची सर्टिफिकेटं आणि गरम कपडे इथेच आहेत. मिनल तुझ्या पलंगावर कुणाला बसू देत नाही. तीन वर्षं तुम्ही दोघी एका खोलीत राहिलात, तिला सवय झाली आहे. बारावीचं वर्ष आहे म्हणून मी तिला काही सांगितलेलं नाही. ती विचारते, "दीप्ती मावशी काहून येऊन नाही राहिली?" मी म्हणते, सुटीवर आहे.

जे झालं ते वाईट झालं. पण तू असं समजू नकोस की मी तुझ्या बाजूनं नव्हते. त्या मंगळवारी हॉस्पिटलमधून तुला काढलं तेव्हा मयुरा मॅडमच्या केबिनमध्ये मी गप्प बसले, कारण मी बोलले असते तर दोघींचीही नोकरी गेली असती. एकीची राहिली तर ती दुसरीसाठी काहीतरी करू शकते, असा विचार केला. फाइलमध्ये काय होतं, काय नव्हतं, ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. आणि त्या शनिवारी मी मोठ्या सरांना फोन केला होता, हे तुला माहीतच आहे. त्यांनी लक्ष दिलं नाही, त्याला मी काय करू?

सात नंबरच्या बाबांबद्दल तू विचार करत असशील. महादेवरावांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, आपल्याकडेच, तळमजल्यावर. पायाची सूज आणि लाली पूर्ण उतरली. ज्यासाठी भरती झाले होते ते बरं झालं. लघवी अजून दिवसाला शंभर-दीडशे मिलिच्या वर नाही. सर म्हणतात, कधीकधी सहा-आठ आठवड्यांनी किडनी परत चालू होते. त्यांच्या पत्नी इंदुताई त्यांच्यासोबत खापरखेड्याहून येतात. डब्यात त्यांच्यासाठी वेगळी भाजी, पाण्यात उकळून ते पाणी फेकून केलेली. मला बघितलं की हात जोडतात.

धंतोलीत एका ओळखीच्या नर्सिंग होममध्ये जागा आहे. मी शब्द टाकू शकते. विचार करून कळव.

तुझी,
मेघाताई


२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दीप्ती,

तुझं उत्तर आलं नाही. मी पाठवलेलं कपड्यांचं पार्सल मात्र घेतलंस असं पोस्टाच्या पावतीवरून दिसलं. सही काकांची आहे.

मागच्या पत्रात मी धंतोलीच्या जागेबद्दल लिहिलं होतं. ती जागा मिळणार नाही. त्यांनी आपल्या हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारलं, आणि मयुरा मॅडमनी त्यांना सांगितलं की या मुलीनं पेशंटची लघवी दिवसभर मोजलीच नाही, पेशंटच्या किडन्या गेल्या. मी त्या वेळी केबिनमध्येच होते, रजेचा अर्ज द्यायला गेले होते. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमची बहीण आहे म्हणून सौम्य शब्दांत सांगितलं."

काल शनिवारी डायलिसिसला इंदुताई आल्या होत्या. महादेवरावांना आत घेतल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. मानेतल्या नळीची जागा दुखते म्हणून ते तिकडे मान वळवत नाहीत, तर उजव्या कुशीवरच झोपतात, कान काळा पडला आहे, असं सगळं सांगत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सिस्टर, त्या पोरीनं असं काहून केलं हो? मी तिले रोज विचारो, बाई, यायचं सगळं ठीक आहे ना. हसून बोले. मले तं ती लेकीसारखी वाटे."

मी म्हटलं, काम जास्त असतं ताई, राहून जातं.

"राहून जाते?" त्या म्हणाल्या. "माया माणसानं पस्तीस वर्ष बॉयलरवर काढले. काटा पाहाचं राहून गेलं असतं तं? माया जावयानं कागद तयार केला आहे. त्या पोरीचं नाव कापून टाका म्हणून अर्ज देणार आहे कौन्सिलले. दुसऱ्या कोणाच्या माणसाले हात नाही लावला पाहिजे तिनं."

म्हणजे नर्सिंग कौन्सिलमधलं तुझं रजिस्ट्रेशन. मी काल घरी आले आणि भाजी चिरता चिरता थांबले. मिनलनं विचारलं, हात कापला का? तेव्हापासून हे पत्र मनात लिहीत होते.

मी मोठ्या सरांना फोन केला नव्हता.

लिहिलं एकदाचं. आता पुढचंही लिहिते. नाहीतर परत हिंमत होणार नाही.

शनिवारी, १४ डिसेंबरला, साडेअकरा वाजता तू माझ्या टेबलाजवळ चार्ट घेऊन आलीस. म्हणालीस, "ताई, सात नंबरचे बाबा लघवीले जाऊनच नाही राहिले. सकाळी आठपासून चाळीसच झाली." मी म्हटलं, बाथरूममध्ये जाऊन आले असतील, तुझं लक्ष नसेल. तू म्हणालीस, "नाही ताई, मी त्यायले भांडं देऊन ठेवलं आहे, बाथरूमले जाऊ नका म्हणून सांगतलं आहे. काल चारशे, परवा नऊशे. रोज अर्ध्यानं कमी होऊन राहिली. दुखण्याचं इंजेक्शन थांबवू का?" मी तुझ्याकडे नीट बघितलंही नाही. म्हटलं, सरांना फोन करते, तू बाकीच्यांचे बीपी घे.

फोन हातात घेतला होता, नंबरही काढला होता. पण त्याच आठवड्यात बुधवारी मी एका पेशंटच्या तापासाठी सरांना ओपीडीत फोन केला होता. ते राउंडला आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "डॉक्टर तुम्ही आहात की मी? दर अर्ध्या तासानं फोन करायचा असेल तर खुर्चीवर तुम्हीच बसा." तू तिथे ट्रॉली धरून उभी होतीस. सोळा वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं. शनिवारी तेच डोक्यात होतं. म्हटलं, संध्याकाळच्या राउंडला येतीलच, तेव्हा सांगू. संध्याकाळी ते लग्नाला गेले, राउंड झालाच नाही.

तू दोनला घरी जाताना विचारलंस, "फोन केला का ताई?" मी म्हटलं, केला, बघतो म्हणाले.

आणि चार वाजता दुखण्याचं इंजेक्शन मी दिलं. माझ्या हातानं. महादेवराव म्हणाले, "सिस्टर, पाय एवढा दुखत नाही आज, मळमळच जास्त आहे." मी म्हटलं, ऑर्डर आहे बाबा. त्याच्यानंतर ती दुसरी अँटिबायोटिक, जी किडनीला जड जाते, तिचाही डोस दिला. बुधवारी सीटीसाठी शिरेतून रंगाचं औषध दिलं होतं, बीपीची गोळी चालूच होती, खाणंपिणं बंद होतं. हे सगळं मला समजत होतं. नर्सिंगच्या मुलींना शिकवायला उभं केलं तर मी फळ्यावर लिहून दाखवीन.

रविवारी सकाळी चेहरा सुजला, बोलणं जड झालं. रक्त तपासलं. किडनीचा आकडा भरती होताना एक पॉइंट एक होता, तो पाच पॉइंट नऊ. मधल्या पाच दिवसांत तो कुणी पुन्हा तपासलाच नव्हता. ते सरांचं. पण आपल्याला लघवीवरून कळत होतं.

सोमवारी मयुरा मॅडम म्हणाल्या, सिस्टर, फाइल नीट करून ठेवा, घरचे लोक झेरॉक्स मागत आहेत. नीट म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तुझ्या हातचं पान काढलं आणि नवं पान लिहिलं. नऊशेचे बाराशे केले. चारशेचे हजार केले. शनिवारचा रकाना कोरा ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की सगळं ठीक चाललं होतं, एका दिवशी एका सिस्टरनं मोजलं नाही. जुनं पान फाडून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं. त्याच्यावर तू साडेअकराच्या समोर लिहिलं होतंस, 'इंचार्ज सिस्टरला कळवले'. त्या ओळीसाठीच मी ते पान फाडलं. बाकी आकड्यांचं मला काही वाटलं नव्हतं.

मंगळवारी तू त्या केबिनमध्ये माझ्याकडे बघत होतीस. तुला वाटत होतं, ताई आता बोलेल.

मेघाताई


१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

दीप्ती,

मागचं पत्र वाचून तू ते काकांना दाखवलं असशील, किंवा एखाद्या वकिलाला. दाखवलं असलंस तर बरं केलंस. मी अजून कुणालाही काही सांगितलेलं नाही. हेही खरंच सांगते. पत्र टाकून आल्यावर मला हलकं वाटलं आणि त्या हलकेपणात मी पंधरा दिवस काढले. रोज ड्यूटीवर गेले, इंदुताईंचं हात जोडणं घेतलं.

आज जे झालं ते तुलाच सांगू शकते.

अकरा नंबरवर भीमाबाई म्हणून एक आजी आहेत, सत्तर वर्षांच्या, पारशिवनीकडच्या. खुब्याचं हाड मोडलं, सोमवारी ऑपरेशन झालं. आज सकाळी दहा वाजता त्यांची लघवीची पिशवी बघितली. सहापासून साठ मिलि, रंग चहासारखा. नवीन मुलगी आहे वॉर्डात, गार्गी नावाची, तुझ्या जागेवर घेतलेली. मी तिला विचारलं, रात्रीची किती? तिनं चार्ट बघून सांगितलं, एकशे वीस. मग ती मला म्हणाली, "मॅम, ते पाणी कमी पीत असतील." हिच्या वयाला तू असं म्हणाली नव्हतीस. असलं कारण मी दिलं होतं.

ट्रेवर दुखण्याचं इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. मी ते उचललं आणि टाकून दिलं. सरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. परत केला. तिसऱ्यांदा उचलून म्हणाले, "काय आहे?" मी सांगितलं, सर, अकरा नंबर, बारा तासांत दोनशेही लघवी नाही, बीपी शंभरच्या खाली आहे, मी पेनकिलर थांबवलं आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा. त्यांनी बीपीचा आकडा परत विचारला. मग म्हणाले, "सलाइन वाढवा, रक्त पाठवा, येतो."

आले. आकडा दोन पॉइंट दोन आला. ऑपरेशनच्या आधी पॉइंट नऊ होता. दोन औषधं बंद केली, एक बदललं. दुपारी चारपर्यंत पिशवीत अडीचशे जमा झाली. भीमाबाई मला म्हणाल्या, "काय पाहून राहिली वं पोरी घडीघडी त्या पिशवीत? सोनं आहे का त्यात?"

जाताना सर म्हणाले, "वेळेवर कळवलंत, सिस्टर. बरं झालं." त्यांच्या लक्षातही नाही की डिसेंबरातल्या त्या बुधवारी ते मला काय बोलले होते. मी त्यांच्या ज्या बोलण्याला दोन महिने धरून बसले, ते त्यांना आठवतही नाही.

फोन दोन मिनिटांचा होता, दीप्ती. मी फोनमध्ये बघितलं. एक मिनिट पन्नास सेकंद. आजी वाचल्या म्हणून गार्गीनं सगळ्यांना चहा पाजला. मी चहा घेतला आणि लिननच्या खोलीत जाऊन चादरी मोजत बसले.

महादेवरावांना रविवारपासून थंडी वाजून ताप येतो आहे. मानेतल्या नळीतून इन्फेक्शन रक्तात गेलं असं वाटतं. आयसीयूत आहेत.

मेघा


१० मार्च २०२५, सोमवार

दीप्ती,

महादेवराव २८ फेब्रुवारीला गेले. तुला कुणीतरी कळवलं असेल. सर्टिफिकेटवर कारण लिहिलं आहे रक्तातलं इन्फेक्शन, आणि त्याच्या खाली किडनी निकामी. त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहायला जागा असते, ती कोरीच आहे.

काल रविवारी मी खापरखेड्याला गेले. सावनेरचीच बस पकडली होती. मधेच उतरून ऑटो केला. क्वार्टर त्यांनी रिटायर झाल्यावर सोडलं, आता कॉलनीच्या मागे दोन खोल्यांचं घर आहे, दारातून चिमण्या दिसतात, वीज केंद्राच्या. अंगणातल्या तुळशीवर राख बसलेली. इंदुताई गहू निवडत होत्या. मला बघून उठल्या, "या सिस्टर," म्हणाल्या, आत हाक मारली, "वेदिका, पाणी आण. हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर आल्या." मुलगी पाणी घेऊन आली. आईसारखीच आहे, कपाळ रुंद. म्हणाली, "बाबा तुमचं नाव घेत होते. तुमचा हात हलका होता म्हणे."

मी ते पाणी प्यायले नाही. म्हटलं, मला काहीतरी सांगायचं आहे, दोघी बसा.

सांगायला किती वेळ लागला माहीत नाही. मी तुझ्यापासून सुरू केलं. दीप्तीनं मोजलं होतं, लिहिलं होतं, मला सांगितलं होतं. कोरा रकाना माझा आहे. इंदुताईंच्या मांडीवर सूप होतं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता सांगतलं होतं तिनं?"

"साडेअकरा."

"आन् तुमी इंजेक्शन किती वाजता देल्लं?"

"चार वाजता."

त्यांनी बोटांवर मोजलं. बारा, एक, दोन, तीन, चार. मग म्हणाल्या, "मी तवा तिथीच होती. तुमी सुई देऊन राहिल्या होत्या तं मी त्यायचा हात धरला होता. हालू नका म्हटलं. सिस्टरले तरास होते म्हटलं."

वेदिका उभी राहिली. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "आम्ही त्या मुलीच्या विरोधात अर्ज दिला आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. माझ्या नवऱ्यानं तिच्या घरी जाऊन शिव्या दिल्या आहेत. तिच्या बापासमोर."

हे मला माहीत नव्हतं. तू, काकांनी, कुणीच कळवलं नाही. कसं कळवाल?

इंदुताईंनी मुलीला कागद आणायला लावला. म्हणाल्या, "जे बोलल्या ते लिवून द्या. माया समोर लिवा. मले वाचता येत नाही जास्त, पण मी पाहून राहीन." मी लिहिलं. तीन पानं झाली. त्या पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या. वेदिकानं वाचून दाखवलं. सही केली, आधार नंबर लिहिला, तारीख घातली.

निघताना मी वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "नका. तुमी जा. मी शिव्या नाही देणार, पण तुमी माया घरी पुन्हा नका येऊ."

सोमवारी, म्हणजे आज सकाळी, मी मयुरा मॅडमना त्याच कागदाची प्रत दिली आणि राजीनामा दिला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? तुमचं रजिस्ट्रेशन जाईल. केसही होऊ शकते." मी म्हटलं, कळतंय. त्या म्हणाल्या, "आणि मी फाइल बदला असं कधी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, नाही, तुम्ही नीट करा म्हणालात.

मिनलचा शेवटचा पेपर परवा आहे. त्यानंतर तिला सांगीन.

मेघा


२४ एप्रिल २०२५, गुरुवार

दीप्ती,

काल सुनावणीत चार महिन्यांनी तुला बघितलं. वाळलीस. पांढरी ओढणी घातली होतीस. काका तुझ्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही, पण पंख्याखाली मला खूप वारा लागत होता तेव्हा उठून त्यांनी पंखा कमी केला. मी बघितलं ते.

मला वाटलं होतं कालच सगळं संपेल. कौन्सिलच्या समितीनं माझा कागद वाचला, मला विचारलं, सही तुमची का, मी हो म्हटलं. नवं पान कुणी लिहिलं, मी म्हटलं मी. जुनं कुठे आहे, मी म्हटलं फाडलं. आकडे आठवतात का, मी सगळे सांगितले. इंदुताईंच्या जावयानं उभं राहून तुझ्याविरुद्धचा अर्ज मागे घेतो म्हटलं. तेव्हा काकांचे खांदे हलले. इथवर ठीक होतं.

मग त्या चष्म्यावाल्या बाईंनी तुला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? तू उठलीस आणि म्हणालीस, "मॅडम, मी लिहिलं, ताईंना सांगितलं, हे खरं आहे. पण दोन वाजता माझी ड्यूटी संपली आणि मी घरी गेले. नंतर काही विचारलं नाही. सरांचा नंबर माझ्याजवळही होता. मीही फोन करू शकत होते. चूक माझीही आहे." त्यांनी विचारलं, "नंतर वॉर्डात फोन वगैरे केला होता का?" आणि तू म्हणालीस, "नाही."

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. उठता आलं नाही. तू बसलीस, कागद गोळा झाले, लोक उठले. तू काकांचा हात धरून जिना उतरलीस. मी वरच्या पायरीवरून 'दीप्ती' म्हटलं, पण एवढ्या हळू की मलाच ऐकू आलं नाही.

तू फोन केला होतास. त्या शनिवारी पाच वाजता, वॉर्डातल्या फोनवर. संध्याकाळची सिस्टर आली नव्हती म्हणून मी तिथेच होते, मीच उचलला. तू विचारलंस, "ताई, सात नंबरच्या बाबांले झाली का?" मी म्हटलं, "झाली. तीनशे. तू आराम कर, मिनलला चहा करून दे." तू म्हणालीस, "चाला, बरं झालं," आणि तुझा जीव भांड्यात पडल्याचं मला फोनवरून कळलं.

तीनशे झाली नव्हती, दीप्ती. एक थेंबही झाली नव्हती. भांडं कोरडं होतं. मी इंजेक्शन देऊन एक तास झाला होता आणि मला कुणी परत काही विचारायला नको होतं, म्हणून मी आकडा सांगितला. तोंडात आला तो सांगितला. तू रात्री माझ्या ताटात भाकर वाढलीस तेव्हा काही विचारलं नाहीस, कारण तुला वाटत होतं बाबा सुटले.

मी इंदुताईंना हे सांगितलं नाही. त्या तीन पानांत हे नाही. तुला लिहिलेल्या पत्रांतही मी हे लिहिलं नाही, आणि हे लिहायचं मी टाळलं ते तुला पत्र वाचताना कळलं असेल. तुला वाटलं असेल, ताईला एवढी एक गोष्ट लपवू द्यावी. म्हणून काल तू नाही म्हणालीस. एवढ्या लोकांसमोर, शपथेवर. ज्या बाईनं तुझं नाव कोऱ्या रकान्यात बसवलं तिला वाचवायला.

आणि स्वतःला असं समजावून बसलीस की चूक तुझीही आहे. तुझी नाही. तुला खरा आकडा सांगितला असता तर तू चप्पल घालून परत वॉर्डात आली असतीस, मला माहीत आहे. सरांना तूच फोन केला असतास. ती शेवटची वाट होती आणि ती मी बंद केली. पाच वाजता. डॉक्टर पाच वाजता आले असते तर महादेवराव डायलिसिसवर गेले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण ते तुझ्या अंगावर येत नाही. त्यातलं काहीच तुझं नाही.

आज सकाळी मी समितीच्या ऑफिसात जाऊन पुरवणी जबाब दिला. मिनल सोबत होती. तिला आता सगळं माहीत आहे. तिनं तो जबाब वाचला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि बसमध्ये माझ्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसली. ऑफिसातल्या बाबूनं शिक्का मारला आणि म्हणाला, त्या मुलीला पुन्हा बोलवावं लागेल. तारीख अकरा मे नंतरची मिळेल.

तेव्हा तू ये. ते विचारतील, पाच वाजता फोन केला होता का. हो म्हण. विचारतील, काय सांगितलं गेलं. जे सांगितलं गेलं तेच सांग, एक शब्द कमी करू नकोस. सांगताना माझ्याकडे बघू नकोस.

मेघा